गरम नळ फुसफुसतो, गार नळ मात्र धो-धो

प्रश्न असा आहे : "आमचं दोन मजली घर जुळे सोलापूरला आहे. गच्चीवर दोनशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर आहे. गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात नळाला पाणी एक दिवस उशिरा आलं आणि वरची टाकी पार कोरडी पडली. नंतर टाकी भरली, पण तेव्हापासून वरच्या बाथरूममध्ये गरम नळ नुसता फुसफुसतो, चार थेंब टाकतो, थांबतो. गार नळ व्यवस्थित आहे. खालच्या मजल्यावर गरम पाणी येतं, पण धार बारीक. मिस्त्री म्हणतात प्रेशर पंप बसवा. बसवू का? आणि जाता जाता, मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिच्या बाथरूममध्ये टॉवेल वाळवायची गरम नळ्यांची शिडी आहे. ती खालून गरम आणि वरून गार लागते. तिथे म्हणतात की हवा अडकली. हे आमच्यासारखंच का?"

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो : हो, तसंच. आणि पहिल्याचं : पंप बसवू नका.

तुमच्या लाईनने हवा धरली आहे. हे मी इथे बसून इतक्या खात्रीने कसं म्हणतो? तुम्हीच सगळं लिहिलंय. टाकी कोरडी पडली आणि त्याच दिवसापासून त्रास सुरू झाला. क्षार साचून पाईप बारीक झाला असता, तर धार महिनोन् महिने हळूहळू कमी होत गेली असती. नळाच्या तोंडाची जाळी चोंदली असती, तर एकच नळ अडला असता आणि त्याने आवाज केला नसता. टाकीचाच दाब कमी असता, तर गार नळही रडला असता. कोरड्या टाकीनंतर फुसफुस, वर जास्त आणि खाली कमी, एवढी लक्षणं जुळली की मी गच्चीवर चढताना पाना आणि पाईपचा एक तुकडा एवढंच घेऊन जातो.

आता हवा पाण्याला अडवते कशी ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या घरांत गरम पाण्याला ढकलणारं यंत्र कुठलंच नसतं. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी उंच, तितकाच जोर. दहा मीटर उंचीला एक किलोचा दाब (दर चौरस सेंटीमीटरला), या हिशेबाने वरच्या मजल्याच्या शॉवरला मिळतो तीनेक मीटरचा, म्हणजे जेमतेम पाव किलोच्या जरा वर. खालच्या मजल्याला त्याच्या दुप्पट.

आता पाईप कसा गेलाय ते गच्चीवर जाऊन बघा. दहातल्या आठ घरांत मला दिसतं ते असं : सोलरमधून पाईप निघतो, खाली स्लॅबवर येतो, स्लॅबवरून सरपटत कठड्यापर्यंत जातो, कठड्यावर चढतो, पलीकडे उतरतो, मग बाथरूमच्या भिंतीत शिरून दारावरून परत एकदा वर जातो आणि मिक्सरला, म्हणजे गरम-गार एकत्र करणाऱ्या नळाला, उतरतो. म्हणजे उंटाच्या दोन मदारी. टाकी रिकामी झाली की या मदारींमध्ये हवा भरते. परत पाणी सोडलं की ते चढाच्या बाजूने वर येतं, माथा ओलांडतं आणि उताराच्या बाजूने हवेच्या कडेकडेने खाली गळतं. पण हवा उतारात तशीच राहते, कारण तिला वर जायचंय आणि वर वाट नाही. त्या उतारात जितके फूट हवा, तितके फूट तुमच्या टाकीच्या उंचीतून वजा. पहिल्या मदारीने चार फूट खाल्ले, दुसरीने चार, तर दहा-अकरा फुटांपैकी उरले दोन-तीन. वरचा नळ फुसफुसतो तो त्यामुळे. खालच्याकडे आणखी दहा फूट शिल्लक असतात म्हणून तो चालतो, बारीक का होईना.

आमच्याकडे फोन येतो तो "मिस्त्री, सोलर गेला वो, नवीन टाकायचा का?" असा. सोलर बिचारा वर ऐंशी अंशांचं पाणी घेऊन बसलेला असतो.

पंपाचं म्हणाल तर, नळ्यांचा साधा सोलर हा दाबाचा नसतो. त्याच्या टाकीच्या डोक्यावर एक उभा पाईप असतो, वर उघडा. त्याला आम्ही एअर पाईप म्हणतो, कुणी व्हेंट म्हणतं. तुम्ही गरम लाईनला पंप लावला की तो ओढणार जोरात, आणि गार टाकीतून सोलरमध्ये पाणी येणार त्याच्या सवयीने, हळू. तूट कुठून भरून निघणार? त्या उघड्या पाईपातून. म्हणजे हवाच ओढली जाणार. हवा काढायला पंप बसवला आणि तो रोज नवी हवा भरतोय, असं एक घर मी सैफुल भागात पाहिलंय. शिवाय साध्या पंपाचं सील गरम पाण्याला टिकत नाही, ते वेगळंच.

आजच्या आज काय करायचं ते सांगतो. पण एक अट आहे : हे काम दुपारी करू नका. सकाळी उन्हं यायच्या आत करा, नाहीतर दिवेलागणीनंतर. तुमचा सोलर आत्ता भरलेला आहे म्हणून धोका कमी, पण नळ्या रिकाम्या राहून उन्हात तापल्या असतील आणि त्यात गार पाणी सोडलं, तर काच तडकते. गार पाण्याचा ग्लास तव्यावर ठेवल्यासारखं होतं. पुढच्या वेळी टाकी कोरडी पडली आणि नेमकं भर दुपारीच नळाला पाणी आलं, तर सोलरकडे जाणारी चावी बंद ठेवून फक्त गार टाकी भरून घ्या आणि रात्री चावी उघडा. नळ्यांवर जुनी चादर टाकून ठेवली तर आणखी बरं. आपल्या गावात जुन्या चादरींना काय तोटा?

तर सकाळी आधी गार टाकी काठोकाठ भरून घ्या. पातळीचा एकेक इंच कामाचा आहे. वरच्या मजल्याचे सगळे गरम नळ बंद करा. खालच्या मजल्यावरचा, जमिनीला सगळ्यात जवळ असलेला गरम नळ पूर्ण उघडा. मोरीतला असेल तर उत्तम, शॉवर नको. पाच मिनिटं धो-धो वाहू द्या, पाणी बादल्यांत धरा. जोरात वाहणारं पाणी हवेचे बुडबुडे आपल्याबरोबर ओढून खाली आणतं, हळू वाहणारं आणत नाही. नळ मधेच खोकल्यासारखा करेल, पिचकाऱ्या मारेल. तीच हवा. खोकला थांबला की तो नळ चालू असतानाच वरचा उघडा. बऱ्याच घरांत काम इथेच होतं.

नाही झालं, तर उलटीकडून ढकलायचं. वरच्या बाथरूममध्ये भिंतीचा मिक्सर आणि त्याला हातात धरायचा शॉवर आहे ना? मिक्सर शॉवरकडे वळवा, शॉवरचं तोंड बंद करा. बटण असेल तर बटणाने, नसेल तर शॉवर काढून नळीच्या तोंडाला रबरी बूच घट्ट दाबून धरा. मग गरम आणि गार दोन्ही चाव्या पूर्ण उघडा. गार पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून ते मिक्सरमधून गरम लाईनमध्ये शिरतं आणि हवेला आल्या वाटेने मागे, वर ढकलतं. हवेला वर जायला आवडतंच. घरातल्या कुणाला तरी गच्चीवर सोलरच्या एअर पाईपजवळ उभं करा, बुडबुड आवाज येईल. दोन मिनिटं ठेवा, आधी गारची चावी बंद करा, मग शॉवरचं तोंड मोकळं करा. शॉवर अंगापासून लांब, भिंतीकडे धरून. पहिलं पाणी गार येईल, मागून येणारं भाजेल. हे जमायला गार टाकीची पातळी सगळ्यात उंच मदारीच्या वर हवी, आणि गरम लाईनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नको. असेल तर तो उलट पाणी जाऊच देणार नाही.

काही जण नळाला पाईपचा तुकडा लावून तोंडाने हवा ओढतात. मीही तरुणपणी ओढली आहे. जीभ आठवडाभर सोललेली होती. तसलं काही करू नका.

याच मिक्सरची एक चोरी सांगून ठेवतो. आपण आत्ता मुद्दाम केलं, तेच काही घरांत नकळत रोज चालू असतं. लोक हातातल्या शॉवरचं बटण बंद करतात आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच सोडतात. मग गार टाकीचं पाणी गुपचूप गरम लाईनमधून सोलरमध्ये चढत राहतं आणि सकाळी घर म्हणतं, "काल एवढं ऊन होतं, तरी पाणी कोमट कसं?" नंतर कधी तशी तक्रार आली, तर आधी चाव्या बघा.

आता कायमचा उपाय. इथे मात्र थोडा खर्च आहे. तुम्ही म्हणाल, टाकी कोरडी पडू दिली नाही की झालं. एक तर काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ती कधीतरी पडणारच. दुसरं म्हणजे टाकी भरलेली असली तरी हवा येतेच, कारण ती पाण्यातच विरघळलेली असते. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, साठ अंशांवर जवळपास निम्मा. बाकीचा बाहेर पडतो. चहाचं आधण ठेवल्यावर उकळी फुटायच्या कितीतरी आधी पातेल्याच्या तळाला बारीक मोती धरतात ना, ते हेच. सोलरमध्ये रोज दोनशे लिटरचं आधण चढतं. ते मोती लाईनमधली सगळ्यात उंच जागा शोधतात आणि तिथे गोळा होतात.

म्हणून पहिला उपाय मदारीच काढून टाकणे. कठड्यावरून पाईप नेण्यापेक्षा कठड्याला स्लॅबच्या जरा वर भोक पाडून, त्यात मोठ्या पाईपचा तुकडा बसवून, त्यातून लाईन आरपार न्यावी. सोलरपासून नळापर्यंत पाईप सतत उतरत गेला पाहिजे, दर दहा फुटांना एखादा इंच उतार पुरतो. मग हवा आपोआप मागे सोलरच्या टाकीत आणि तिथून एअर पाईपने बाहेर जाते. कठड्याला भोक म्हटलं की घरमालक कपाळाला हात लावतात, गळती होईल म्हणतात. भोक स्लॅबच्या चार इंच वर घेतलं आणि कडेने नीट बुजवलं, तर होत नाही. पाईप सीपीव्हीसीचा घ्या. गार पाण्याचा पांढरा पीव्हीसी गरम लाईनला वापरला, तर दोन उन्हाळ्यांत वाकून त्याच्या नव्या मदारी तयार होतात. आणि मुख्य लाईन पाऊण किंवा एक इंची ठेवा, अर्धा इंची फक्त शेवटी नळाजवळ.

भोक नकोच असेल, तर मदारीच्या माथ्यावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून अर्ध्या इंचाचा उभा पाईप गार टाकीच्या काठापेक्षा फूटभर वर न्या, तोंड खाली वळवा, जाळी लावा. पण टाकी जिन्याच्या खोलीवर असेल, तर हा पाईप दहा-बारा फूट होतो आणि वाऱ्याने हलतो. मग माथ्यावर एक साधा बॉल व्हॉल्व्ह बसवा. महिन्यातून एकदा उघडायचा, फुस्स झालं की पाणी येईपर्यंत थांबायचं, बंद करायचा. दुकानात तुम्हाला आपोआप हवा सोडणारा पितळी व्हॉल्व्ह दाखवतील. आत छोटा फ्लोट असतो, हवा जमली की खाली पडतो, पाणी आलं की वर येऊन तोंड बंद करतो. वस्तू चांगली आहे, पण आपल्याकडे बोअरचं पाणी टाकीत मिसळतं. त्याच्या क्षाराने फ्लोट अडकतो आणि व्हॉल्व्ह कायम गळतो नाहीतर कायम बंद राहतो. तुमच्याकडे फक्त नळाचं पाणी असेल, तर खुशाल लावा.

मोठ्या लाईनवरही हाच हिशेब असतो. उजनीहून सोलापूरला येणारी जलवाहिनी चढ-उतार घेत येते, आणि तिच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवलेले असतात. पुणे रस्त्याच्या कडेला कधी पाण्याचा कारंजा उडताना दिसला, तर तो बहुतेक असलाच व्हॉल्व्ह. काही दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा आधी दोन-तीन मिनिटं नुसता सूं-सूं वारा येतो की नाही? तसंच.

सोलरच्या एअर पाईपबद्दल मात्र एक कबुली द्यायची आहे. धंद्यात नवा होतो. एका घरी एअर पाईपातून पाणी ठिबकायचं, गच्चीवर शेवाळ धरलं होतं. मालक म्हणाले बंद करून टाक, आणि मी टोपी लावून टाकली. खरं तर तो पाईप आखूड होता, गार टाकी भरली की तिच्या पातळीमुळे पाणी वरून सांडायचं. दोन फूट वाढवला असता, की संपलं असतं. टोपी लावल्यावर पंधरा दिवसांत कुणीतरी गार पाण्याची चावी बंद असताना खाली गरम नळ उघडा ठेवला. पाणी खाली गेलं, आत हवा शिरायला वाट नाही, आणि आतली टाकी रिकाम्या डब्यावर पाय दिल्यासारखी चेपली. माझ्या दोन महिन्यांच्या कमाईतून नवी टाकी आली. तेव्हा तुमचा एअर पाईप आधी तपासा. त्यावर टोपी, चिंधी, बूच काही नको. गांधीलमाश्यांना ते तोंड घरासाठी फार आवडतं आणि क्षारानेही ते आतून बुजतं. तार घालून बघा.

हवेची ही खोड मी प्लंबिंगच्याही आधी शिकलो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाय हाऊसला, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, फिटर होतो तेव्हा. बॉयलर पेटवताना वरचा एअर कॉक उघडा ठेवायचा आणि त्यातून स्वच्छ वाफ येऊ लागली की बंद करायचा, हा पहिला धडा. दुसरा सुताचा. टॉवेलाच्या सुताची बॉबिनं रंगाच्या भांड्यात लावतात, त्यात कुठे हवा राहिली की तिथे रंग पोचत नाही. बाहेरून सूत लालभडक, उलगडलं की मधे फिकट पट्टा. आमचे सुपरवायझर पद्मशाली, तेलुगूत दोन शब्द हासडायचे आणि म्हणायचे, "हवा आधी काढ, रंग मग टाक."

आता मुलीची शिडी. टॉवेलांच्या गावाला ही वस्तू विनोदी वाटते. आपल्याकडे दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापडासारखा वाळतो. तिकडे थंडीत चार दिवस ओलाच राहतो, म्हणून बाथरूमच्या भिंतीला ही शिडी. बहुतेक घरांत तिच्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरतं. तिथे ढकलायला पंप असतो आणि सगळं पाणी बंद वर्तुळात असतं, एवढाच फरक. ती वरच्या मजल्यावर असली, तर त्या वर्तुळातली उंच जागा तीच, म्हणून हवा तिच्या वरच्या आडव्या नळ्यांत जमते. वर गार, खाली गरम म्हणजे हवा. उलटं असेल, खाली गार आणि वर गरम, तर तो गंजाचा काळा गाळ. तिथे हवा काढून काही होत नाही. आणि पूर्ण शिडी गार असेल, तर आधी खालच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का ते बघायचं.

पण तिला हवा सोडायची किल्ली हातात घ्यायला सांगण्याआधी एक बघायला सांगा : शिडीच्या खालून भिंतीच्या स्विचकडे वायर जाते का, आणि पाण्याचे पाईप येतात का? फक्त वायर असेल, तर ती विजेवरची शिडी. ती कारखान्यातून भरून बंद केलेली असते आणि आतला द्रव तापून फुगतो म्हणून वर थोडी हवा मुद्दाम सोडलेली असते. तिच्यात वरची नळी थोडी कमी गरम लागणं स्वाभाविक आहे. तिला हात लावायचा नाही.

पाण्याचे पाईप असतील, तर हीटिंग बंद करून शिडी गार होऊ द्यायची. चालू पंपात किल्ली फिरवली, तर उलट हवा आत ओढली जाऊ शकते, आणि गरम पाणी अंगावर येतं ते वेगळंच. वरच्या टोकाला, बहुतेक मागच्या अंगाला, एक लहानसा चौकोनी खिळा असतो, काहींना पेचकसाची खाच. खाली फडकं धरून तो घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा, फार तर अर्धा, फिरवायचा. पूर्ण काढायचा नाही. फुस्स आवाज येतो, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. सलग झालं की बंद. जवळ मेणबत्ती किंवा काडी नको, कारण गंजातून हायड्रोजन तयार होतो आणि तो पेटतो. येणारं पाणी काळं असतं आणि डाग जात नाही, तेव्हा तुम्ही इथून पाठवलेला, भौगोलिक मानांकनवाला सोलापुरी टॉवेल तिने त्याखाली धरू नये, जुनं काहीतरी घ्यावं.

शेवटी बॉयलरवरचा काटा बघायचा. हवा गेली की दाब उतरतो. बॉयलर गार असताना काटा एक ते दीड बारच्या मधे हवा. खाली असेल, तर बॉयलरखालच्या भरणीच्या चाव्या हळू उघडून दाब परत आणायचा आणि दोन्ही चाव्या आठवणीने बंद करायच्या. दर पंधरा दिवसांनी हवा काढावी लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा आत गंज चढतोय. मग तिथल्या माणसाला बोलवावं.

तुमच्याकडे सकाळी उलट ढकलूनही वरचा नळ फुसफुसतच राहिला, तर कठड्यावरच्या पाईपचा आणि सोलरच्या एअर पाईपचा फोटो काढून पाठवा. त्यात मागे गार टाकीही दिसू द्या.